दुसरा हात

तात्या कोकटनूर पंचाच्या उंच खुर्चीवर चढले, चष्मा धोतराच्या सोग्यानं पुसला आणि खर्जात दोन नावं पुकारली, "दस्तगीर सतारमेकर, सिद्राम हेरवाडे." त्यातला सिद्राम म्हणजे मी. दस्तगीर उन्हाळ्यातच काविळीनं वारला होता.

हॉलमधल्या सगळ्यांना रिवाज ठाऊक होता. मी उठलो. एका हातात माझी रॅकेट, दुसऱ्या हातात त्याची.

आता जिमखान्यातली पोरं मला विचारतात, सर, तुम्ही एवढे डबल्सवाले, मग ऐन उमेदीत खेळणं सोडून शिट्टी का गळ्यात घातलीत? त्यांना मी गुडघा सांगतो. कधी सासरेबुवा आडवे आले म्हणतो. थापा मारण्यात माझा हात धरणारा मिरजेत कुणी नाही, हे मी स्वतःच कबूल करतो. पण त्या दुपारी जे झालं ते सांगितलं तर पोरं गुडघ्यावर विश्वास ठेवतील आणि ह्याला थाप म्हणतील. म्हणून आजवर सांगितलं नाही.

आधी रिवाज सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. त्या काळी डबल्समध्ये प्रत्येक जोडीला सर्व्हिसचे दोन हात असत. एकाचा हात गेला की दुसऱ्याचा, आणि दोन्ही गेले की मगच सर्व्हिस समोरच्यांकडं. गुण मिळायचा तो आपल्या सर्व्हिसवरच. आमच्या जिमखान्यात जोडी मरणानं तुटली तर मागं राहिलेल्याला लगेच नवा जोडीदार धरता येत नसे. वर्षाच्या टुर्नामेंटला दोघांची नावं तशीच घालायची. पहिल्या फेरीला एकट्यानं उभं राहायचं. आपला हात खेळायचा, घालवायचा. मग मेलेल्याची रॅकेट आणि फूल त्याच्या जागी जमिनीवर ठेवायचं. फूल म्हणजे शटल, आमच्याकडं फूलच म्हणत. पंच म्हणणार, "दुसरा हात." एक श्वास जाऊ देणार आणि म्हणणार, "हात गेला." संपलं. समोरचे दोघं जाळीखालून येऊन हात मिळवणार, आणि उद्यापासून आपण कुणाहीबरोबर खेळायला मोकळे. ह्याला 'हात सोडवणं' म्हणत. तोवर आपल्याशी कुणी सरावालाही उभं राहत नसे.

मला सोडवायचा नव्हता. कमिटीनं सांगून पाहिलं. तात्या स्वतः घरी येऊन म्हणाले होते की पोरांना शिकवायला तुझ्याशिवाय माणूस नाही, पण हात अडकलेल्याच्या ताब्यात आम्ही पोरं देणार नाही. मी त्यांना चहा पाजून वाटेला लावलं. दस्तगीरशिवाय खेळायचं म्हणजे काय, हेच मला समजत नव्हतं.

आमची जोडीच तशी होती. दस्तगीर ताडमाड, तंबोऱ्यांचे भोपळे तासून तासून हात लांबलेले. मी हा एवढा. त्यामुळं मी कायम पुढं जाळीशी आणि तो कायम मागं. सर्व्हिससुद्धा तो मागूनच करायचा, माझ्या कानाजवळून. असं मिक्स डबल्समध्ये बाई पुढं आणि बुवा मागं असतो, म्हणून गावोगावी आम्हाला नवरा-बायको म्हणत. कराडला एकानं मला विचारलं होतं, वहिनी, आज घुंगट नाही? दस्तगीरनं पुढचं फूल त्याच्या छाताडावर दिलं.

पहिल्या दिवशीच त्यानं मला बजावलं होतं, "सिद्या, मागं बघायचं न्हाई. मागं बघणाऱ्याचा डोळा जातो. मागचं सगळं माझं. तू फकस्त समोरच्यांची तोंडं बघ." आणि खरंच, तो काय करणार हे मला समोरच्यांच्या तोंडावर दिसायचं. स्मॅश येणार असला की त्यांचे डोळे बारीक व्हायचे. ड्रॉप असला की घसा हलायचा. इतकी वर्षं मी माझा जोडीदार परक्यांच्या डोळ्यांत बघून खेळलो.

हात सोडवायला मी तयार झालो तो खैरूनभाभींमुळं. दस्तगीरची बायको. दिवाळीच्या सुमारास एका संध्याकाळी दारात आल्या, आत यायला तयार नाहीत. दस्तगीरची रॅकेट कारखान्यात तंबोऱ्यांच्या ओळीतच टांगलेली होती. ती लाकडी रॅकेट, गटिंग, म्हणजे तारांचं विणकाम, त्यानं स्वतः केलेलं, नखानं छेडून अगदी काळी एकच्या सुरात लावलेलं. बाकीच्यांची रॅकेट ठक म्हणायची, त्याची गायची. भाभी म्हणाल्या की रोज त्याची हॉलवर निघायची वेळ झाली की रॅकेट आपोआप घुमायला लागते. आणि तंबोऱ्यांचं तुम्हाला माहीत आहे, एक तार बोलली की त्या सुराच्या सगळ्या तारा बोलतात. अख्खा कारखाना घुमतो. कारागीर दोन महिने दम धरून होते, आता निघून गेलेत. सासूबाई कानात कापूस घालून बसतात.

मी म्हणालो, हवेनं होत असेल, तारा उतरवून ठेवा.

"उतरवल्या," भाभी म्हणाल्या. "सैल तारा बोलायला लागल्या तवा तुमच्याकडं आले. सिद्रामभाऊ, त्यांचा हात राहिलाय. तुमी सोडवा. त्यांना पण झोप न्हाई, आमाला पण न्हाई."

तर असा मी त्या रविवारी दुपारी कोर्टात उतरलो. भाभी हॉलच्या पायरीवर बाहेर बसल्या. आत यायला नको म्हणाल्या, ऐकू येतं तेवढं पुरे.

समोर भूपाल मगदूम आणि त्याचा जोडीदार जिनगोंडा. भूपाल कॉलेजातला, केसांना तेल जास्त आणि तोंडाला कुलूप नाही. जिनगोंडा पैलवान गडी, बोलायचा कमी. भूपाल जाळीशी येऊन हळूच म्हणाला, "काका, जरा झटक्यात उरका, मॅटिनीची तिकिटं काढलीत." मी म्हणालो, वर गेलेल्याला घाई नाही, तुला कसली?

रिवाजाप्रमाणं पहिली सर्व्हिस त्यांनी घेतली, डावाच्या सुरुवातीला हात एकच मिळतो, तो त्यांनी मुद्दाम बाहेर मारून घालवला. मग माझा हात. एकटा दोघांपुढं काय टिकणार? तरी दोन-चार फटके झाले आणि मागच्या मोकळ्या कोपऱ्यात फूल पडलं. "पहिला हात गेला," तात्या म्हणाले.

मी मागं गेलो. दस्तगीरची जागा मला पावलांनी माहीत होती, डोळ्यांनी नाही. रॅकेट फळ्यांवर ठेवली, गटिंगवर फूल ठेवलं. पुढं जाळीशी येऊन माझ्या जागी उभा राहिलो. सवयीनं रॅकेट वर धरली, गुडघे वाकवले.

"दुसरा हात," तात्या म्हणाले.

छपराच्या कैच्यांमध्ये कबुतरं बसलेली असायची. त्यांची घुमघुम बंद झाली. मी भूपालच्या तोंडाकडं बघत होतो, आणि त्याच्या तोंडावरचं ते टवाळ हसू तसंच राहून डोळे तेवढे बदलले.

मागं काळी एक वाजली. माझ्या कानाजवळून, अगदी ओळखीच्या अंतरावरून, फूल गेलं. जाळीच्या वरून नखभर आणि भूपालच्या बुटापुढं टप. त्यानं रॅकेट हलवलीही नाही.

तात्यांच्या तोंडून गुण निघाला. पन्नास वर्षं खुर्चीवर काढलेला माणूस, फूल पडलं की गुण द्यायचा, एवढंच त्यांच्या अंगात मुरलेलं. "एक-शून्य," ते म्हणाले. "दुसरा हात चालू."

गुण मिळाला की सर्व्हिस करणारा बाजू बदलतो. माझ्या मागं फळ्या करकरल्या, डावीकडून उजवीकडं. लांब ढांगा होत्या.

भूपालनं फूल उचललं. ते सर्व्हिसवाल्याकडं परत द्यायचं असतं. त्यानं जिनगोंडाकडं पाहिलं, जिनगोंडानं जमिनीकडं. शेवटी त्यानं ते माझ्या डोक्यावरून मागं टाकलं. मी कान टवकारून उभा होतो. फूल पडल्याचा आवाज आला नाही.

तुम्ही म्हणाल, सिद्रामा, तू तेव्हा घाबरला असशील. खरं सांगतो, घाबरलो नाही. घाबरायला वेळ कुठं होता? दुसरी सर्व्हिस जिनगोंडानं परत मारली, माझ्या उजव्या अंगाला, आणि माझी रॅकेट आपसूक तिथं गेली. पुढचं मी मारत होतो. मागचं मागं मारलं जात होतं. सहा महिने गंजलेलं अंग असं सुटलं म्हणता, मला वाटलं मीच मेलो होतो आणि आज उठून आलोय. समोरच्यांचे डोळे बारीक झाले की मी खाली वाकायचो, डोक्यावरून स्मॅश जायचा. त्यांचा घसा हलला की मी पुढं सरायचो. तीन झाले, पाच झाले. पोरं खेळत होती हं, चांगली खेळत होती. भीतीनं माणूस एक तर गळतो नाही तर जीव तोडून खेळतो. ही दोघं जीव तोडत होती. जिनगोंडा तर तोंडानं काहीतरी पुटपुटत स्मॅश मारत होता, आणि प्रत्येक स्मॅश मागून परत येत होता, गात.

माझ्या तोंडावर हसू होतं असं मला नंतर लोकांनी सांगितलं. म्हणाले, तुझ्या मागं काय होतं त्यापेक्षा तुझं ते हसू बघवत नव्हतं.

दहा झाल्यावर फुलाचं पीस तुटलं. नवीन घ्यायला मी खुर्चीपाशी गेलो, मान सरळ ठेवून. तात्या खाली वाकले. त्यांच्या ओठांचा रंग उडाला होता, पण आवाज पंचाचाच होता.

"सिद्राम, पहिली फेरी एकाच डावाची. पंधरा झाले तर सामना तुम्ही जिंकलात."

"मग जिंकू की."

"ऐक. जिंकलेल्या जोडीचं नाव मला खोडता येणार नाही. पुढची फेरी, मग त्याच्या पुढची. पुढचं वर्ष. तुला दुसरा जोडीदार नाही, शिकवायला पोरं नाहीत. आणि त्याला..." त्यांची नजर माझ्या खांद्यावरून मागं गेली आणि झटकन खाली आली. "मी हात गेला म्हणू शकत नाही. फूल पडल्याशिवाय मी नाही म्हणू शकत. ते तुमच्यापैकी कुणाला तरी घालवावं लागेल."

मी नवीन फूल घेतलं आणि न बघता मागं टाकलं. ते पडलं नाही.

चषक आम्ही कधी जिंकला नव्हता. तीनदा फायनलला जाऊन हरलो होतो, आणि प्रत्येक वेळी माझ्या चुकीनं. दस्तगीर कधी बोलला नाही. सायकलवर मला डबल सीट घेऊन घरी सोडायचा, एवढंच. आता तो माझ्या मागं उभा होता आणि जगात कुणी आम्हाला हरवू शकत नव्हतं. पुढच्या फेरीत हणमशेटची जोडी, त्यांना तर आम्ही झोपेतही हरवलं असतं. मी सगळा ड्रॉ डोक्यात खेळून टाकला. पायरीवर बसलेली बाई माझ्या डोक्यात कुठंही नव्हती.

अकरा झाले. बारा झाले.

बाराच्या नंतर फळ्या उशिरा करकरल्या. आधी लांब ढांगा होत्या, आता पाय ओढल्यासारखं. तेराला मागून श्वास ऐकू आला. तो श्वास मला माहीत होता. शेवटच्या दिवसांत, डोळे हळदीसारखे झालेले असताना, हा बाबा खाटेवरून उठून माझ्याबरोबर सरावाला आला होता, कारण मी बोलावलं होतं. दोन फटके मारून तो असाच धापा टाकत उभा राहिला होता. बस म्हणालो तर म्हणाला, तू बसलास की मी बसतो. जिवंत होता तोवर तो माझ्याआधी कधी कोर्टाबाहेर गेला नाही. आत्ताही जाणार नव्हता. मी खेळेन तोवर तो खेळणार. पुढची फेरी, पुढचं वर्ष.

चौदावा गुण त्यानं कसा काढला ते मला माहीत नाही. फटका बसल्यावर मागं गुडघा टेकल्यासारखा आवाज झाला. रॅकेटचा सूरही उतरला होता, काळी एकच्या किंचित खाली.

"चौदा-शून्य," तात्या म्हणाले. "डावाचा गुण. दुसरा हात चालू."

फळ्या करकरल्या, हळूहळू, उजवीकडून डावीकडं. सर्व्हिस आली. भूपालनं ती मागं ढकलली, मागून परत आली, जिनगोंडानं मारली, परत आली. मग भूपालनं माझ्या मागं बघितलं. काहीतरी बघितलं त्यानं, कारण त्याचे डोळे बारीक झाले नाहीत आणि घसाही हलला नाही. असा चेहरा मी कुणाच्याच तोंडावर पाहिला नव्हता. आणि त्यानं फूल नुसतं वर उचलून दिलं. जाळीपाशी, माझ्यापुढं, डोक्याच्या जरा वर, मऊ. दूधपित्या पोरानं मारावं असं.

फूल उतरत होतं आणि मला कापूस घातलेले म्हातारीचे कान आठवत होते. सैल तारा आठवत होत्या. मी रॅकेट उचलली. मनगट माझंच होतं, मला फसवता येत नव्हतं, ते मारायलाच निघालं होतं. मी ते आवळून धरलं आणि फूल जाळीत घातलं.

ते जाळीला घासत खाली आलं आणि माझ्या बुटाशी पडलं. इतक्या वेळात आमच्या बाजूला पडलेलं पहिलं फूल.

तात्यांनी एक श्वास जाऊ दिला. "हात गेला."

वर कबुतरं घुमायला लागली.

भूपाल आणि जिनगोंडा जाळीखालून आले. दोघांचे शर्ट पिळून काढावे असे. जिनगोंडानं माझा हात हातात घेतला, पायाला हात लावला आणि सरळ दाराबाहेर गेला. पुढं त्यानं रॅकेट कधी धरली नाही, तालमीत गेला. भूपाल मात्र माझा हात सोडेना.

"काका, ते शेवटचं मी चुकून उचललं नाही."

"मग?"

"मी मागच्या कोपऱ्यात मारणार होतो. तिथं त्यांच्यानं पोचणं होणार नव्हतं. पण त्यांनी मला खूण केली." त्यानं तर्जनी वर केली, आणि मग तीच माझ्याकडं वळवली. "उचल म्हणाले. तुमच्यासाठी उचल."

तेव्हा मी मागं बघितलं. आता बघायला हरकत नव्हती. रॅकेट फळ्यांवर पडली होती, मी ठेवली होती तशीच, त्याच जागी. मी जाऊन उचलली. मुठीला गुंडाळलेलं टॉवेलचं कापड घामानं ओलं होतं.

ती घेऊन मी बाहेर पायरीवर गेलो. खैरूनभाभी गुडघ्यांवर हनुवटी टेकून बसल्या होत्या. सतारमेकरांच्या घरातली बाई, भिंतीपलीकडून तार ओळखणारी. मी काही सांगायच्या आधीच म्हणाल्या, "शेवटी शेवटी उतरला होता नव्हं सूर?"

मी हो म्हणालो. मग राहवलं नाही, भूपालनं सांगितलेलं सगळं त्यांना सांगितलं. आणि विचारलं, "भाभी, त्यानं ते फूल मला कशाला मागून दिलं? मी मारून सामना जिंकावा म्हणून, की मी घालवावं म्हणून? मला कळंना झालंय. जिंकायची त्याची इच्छा असंल तर मी आज त्याला चौथ्यांदा हरवलं."

भाभींनी रॅकेट घेतली. नखानं गटिंग छेडलं. ठक असा आवाज आला, कुणाच्याही रॅकेटचा येतो तसा. त्यांनी पुन्हा एकदा छेडून बघितलं.

"निकाहाच्या दुसऱ्या दिवशी आमी दोघं अंगणात खेळलो होतो," त्या म्हणाल्या. "मला खेळता येत न्हवतं. नवी नवरी, म्हणून एक तरी सोपं द्यावं का न्हाई? एक दिलं न्हाई. मी रडले तरी न्हाई. सासूबाईंनी लाटणं दाखवलं तरी न्हाई." त्या हसल्या, आणि पदरानं डोळेही पुसले. "सोपं फूल मागून जिंकनारा मानूस न्हवता त्यो, सिद्रामभाऊ. तुमी जास्त इचार करू नका. त्यांनी केलेला हाय."

रॅकेट काखेत मारून त्या मार्केटच्या बाजूला निघून गेल्या. त्या संध्याकाळी कारखाना गप्प होता, त्यानंतरही गप्पच राहिला. कारागीर परत आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्यांनी बारा-तेरा पोरं माझ्यापुढं आणून उभी केली. त्यांना बाजूनं उभं राहायला सांगितलं आणि कुठून सुरुवात करावी ह्या विचारात मी सहज कोर्टाच्या मागच्या रेघेवर जाऊन उभा राहिलो. मिरजेच्या त्या कोर्टावर मी उभी हयात घालवली होती. पुढची प्रत्येक फळी मला नावानं माहीत होती.

तिथून जाळी लांब दिसत होती. डावा कोपरा एकीकडं, उजवा कोपरा पार दुसरीकडं, आणि मधली सगळी जागा मोकळी. एक पोरगी म्हणाली, सर, काय बघताय? मी म्हणालो काही नाही. मागचं कोर्ट एवढं मोठं असतं, हे मला तोवर माहीतच नव्हतं.